दहा इंची चाक, बारा इंची चाक आणि खानापूर–उद्यमबागचा रोजचा रस्ता

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे दोन्ही चाके दहा इंची असलेली ११० सीसीची जुनी स्कूटर आहे. खानापूरहून बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यात रोज जाणे-येणे होते आणि सुट्टीच्या दिवशी पत्नीला मागे बसवून जांबोटीच्या बाजूला सासुरवाडीस जावे लागते. वेग चाळीस-पन्नासच्या दरम्यान असताना हँडल थरथरते, खड्ड्यात गाडी जोरात आदळते आणि पावसाळा लागला की मागचे चाक सरकते, अशा आपल्या तीन तक्रारी आहेत. गॅरेजवाल्याने मागे जाड टायर घालायला सांगितले आहे, तर कारखान्यातील मित्रांचा आग्रह आहे की ही गाडी विकून बारा इंची चाकांची घ्यावी. यांपैकी काय करावे, असे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. जाड टायर घालू नये आणि केवळ चाकाच्या आकड्यासाठी गाडी विकण्याची घाईही करू नये. आपल्या तीन तक्रारींपैकी चाकाच्या आकाराशी थेट संबंध एकाच तक्रारीचा आहे आणि तोही लोक समजतात त्याहून बराच कमी आहे. असे का, हे नीट कळायचे तर थोडा हिशेब करावा लागेल. तो अवघड नाही.

टायरच्या कुशीवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, ९०/१००-१० असे काहीतरी लिहिलेले असते. त्यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा आकडा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची उंची आहे ते सांगतो आणि शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांत सांगतो. म्हणजे आपण ज्याला दहा इंची चाक म्हणतो ते माप आतल्या लोखंडाचे आहे आणि रस्त्याला त्याच्याशी काही देणेघेणे नसते. रस्त्यासाठी महत्त्वाचा असतो तो टायरसकट बाहेरचा व्यास. आपल्या ९०/१००-१० टायरचा बाहेरचा व्यास २५४ मिलिमीटर रिम आणि वरखाली ९०-९० मिलिमीटर रबर मिळून ४३४ मिलिमीटर भरतो. बारा इंची गाड्यांना बहुधा ९०/९०-१२ टायर असतो. त्याचा व्यास सुमारे ४६७ मिलिमीटर येतो. रिम दोन इंचांनी, म्हणजे जवळजवळ ५१ मिलिमीटरने वाढली, परंतु टायरची उंची कमी झाल्यामुळे त्यातले १८ मिलिमीटर परत गेले आणि हाती ३३ मिलिमीटर राहिले. एकूण वाढ साडेसात टक्क्यांची झाली. शोरूममध्ये ‘दहाचे बारा’ ऐकले की वीस टक्क्यांचा फरक डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात तो इतकाच आहे.

आता हा फरक खड्ड्यात किती कामाला येतो ते पाहू. समजा, खड्ड्याची लांबी ३०० मिलिमीटर, म्हणजे फूटभर आहे, तो पुरेसा खोल आहे आणि गाडी त्यातून सावकाश जात आहे. दहा इंची चाक त्यात सुमारे ६० मिलिमीटर खाली उतरेल, बारा इंची ५५, चौदा इंची (१२०/७०-१४ टायर धरला तर) ४७ आणि स्प्लेंडरसारख्या मोटारसायकलचे अठरा इंची चाक ३९ मिलिमीटर. दहावरून बारावर गेल्याने पाच मिलिमीटर वाचले. दहावरून अठरावर गेल्याने एकवीस वाचले. दोन इंच उंचीची धारदार कड समोर आली तरी प्रमाण असेच राहते: दहा इंची चाकाला ती चढण सुमारे १३९ मिलिमीटर अंतरात चढावी लागते, बारा इंचीला १४४ मिलिमीटर मिळतात आणि अठरा इंचीला १६८. अंतर जितके जास्त, तितका धक्का सौम्य. तात्पर्य इतकेच की स्कूटर आणि मोटारसायकल यांच्यातला फरक खरा आणि मोठा आहे, पण दहा इंची आणि बारा इंची स्कूटरमधला फरक केवळ चाकाच्या भूमितीपुरता पाहिला तर लहान आहे.

यावर आपण म्हणाल की मित्राची बारा इंची गाडी चालवून पाहिली तेव्हा फरक स्पष्ट जाणवला, तो कसा? तो जाणवणारच, कारण त्या गाडीत फक्त चाक बदललेले नसते. होंडा ॲक्टिव्हाचेच उदाहरण घ्या. जुन्या ॲक्टिव्हाच्या दोन्ही चाकांना दहा इंची रिम होती आणि पुढे लिंक पद्धतीचे सस्पेन्शन होते, ज्यात चाकाला वरखाली होण्यासाठी जागा थोडीच मिळते आणि ब्रेक दाबला की पुढचा भाग ताठ होतो. २०२० साली तिची ६जी ही आवृत्ती आली तेव्हा पुढचे चाक बारा इंची झाले आणि त्याच वेळी पुढे टेलिस्कोपिक फोर्क, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा चिमटा, आला. लोकांनी सगळे श्रेय चाकाला दिले. माझ्या मते त्यातला मोठा वाटा फोर्कचा आहे. विशेष म्हणजे त्या गाडीचे मागचे चाक दहा इंचीच राहिले आणि मागे बसणाऱ्यांची कंबर पूर्वीइतकीच दुखत राहिली. आपल्या मित्राची गाडी टीव्हीएस ज्युपिटर असेल तर तिची दोन्ही चाके ९०/९०-१२ असतात आणि मागच्या बाजूचा फरक तिथे थोडा अधिक जाणवतो.

मागचा धक्का स्कूटरमध्ये इतका जोराचा का असतो, हेही इथेच सांगणे योग्य होईल. मोटारसायकलचे इंजिन चौकटीत बसवलेले असते आणि मागचे चाक एका वेगळ्या चिमट्यावर वरखाली होते. स्कूटरमध्ये इंजिन, बेल्टचा डबा, गिअरपेटी आणि मागचे चाक हे सगळे एकाच ओतीव पिंडात जोडलेले असते आणि चाक खड्ड्यात गेले की तो सगळा पिंड बरोबर हलतो. शॉकअपला रबर आणि रिम यांच्याबरोबर अर्धे इंजिनही उचलावे आणि आवरावे लागते. म्हणून मागचा धक्का कमी करायचा असेल तर चाकाच्या आकारापेक्षा शॉकअप, त्याचे बुश (सांध्यातल्या लहान नळ्या) आणि इंजिन ज्यावर टांगलेले असते ते हँगर बुश यांच्याकडे आधी पाहावे. या रचनेचा फायदा असा की पाय ठेवायची जागा सपाट राहते आणि सीटखाली डिकी मिळते. मागचे चाक लहान ठेवण्याचे एक कारण ती डिकीच आहे. बजाज चेतकच्या काळात आणखी एक सोय होती: पुढचे, मागचे आणि स्टेपनीचे चाक एकच असे, पंक्चर झाले की चार-पाच नट काढून पाच-दहा मिनिटांत माणूस पुढे निघे. ती सोय गेली याचे मला आजही थोडे वाईट वाटते, पण ट्यूबलेस टायर आल्यावर तिची गरजही उरली नाही.

आता गाडी वळण्याचा आणि सरळ चालण्याचा मुद्दा. अनेकांना वाटते की स्कूटर लांबीने लहान असते म्हणून डगमगते. हे बरोबर नाही. दोन चाकांच्या आसांमधले अंतर स्प्लेंडरमध्ये १२३६ मिलिमीटर आहे, ॲक्टिव्हा ६जीमध्ये १२६० आणि ज्युपिटरमध्ये १२७५. म्हणजे या मापात स्कूटरच लांब आहे. तरीही स्प्लेंडर सरळ रस्त्यावर अधिक ठाम वाटते, याची कारणे दुसरीकडे आहेत. पहिले कारण फिरत्या चाकाची आपली दिशा न सोडण्याची ओढ. ही ओढ चाकाचे वजन, त्याची त्रिज्या आणि गाडीचा वेग यांबरोबर वाढते. लहान चाक त्याच वेगाला जास्त फेरे घेते हे खरे. ताशी पन्नास किलोमीटरला दहा इंची चाक सेकंदाला दहाच्या थोडे वर फेरे घेते, बारा इंची साडेनऊच्या आसपास आणि अठरा इंची सातच्या थोडे वर. तरीही त्रिज्या कमी असल्याने एकूण ओढ लहान चाकाची कमीच पडते. दुसरे कारण वजनाची वाटणी. स्कूटरचे इंजिन मागे, चालवणारा मागे, पेट्रोलची टाकी बहुतेक गाड्यांत मागे. पुढच्या चाकावर भार कमी असतो आणि मागे माणूस बसला की तो आणखी कमी होतो.

तिसरे कारण थोडे समजून घ्यावे लागते. हँडलची दांडी उभी नसते, ती मागच्या बाजूला कललेली असते. त्या दांडीची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या पुढे जमिनीला मिळते. या दोन बिंदूंमधल्या अंतराला कारागीर ट्रेल म्हणतात. सामानाच्या ट्रॉलीचे चाक जसे आपल्या दांडीच्या मागे ओढले जाऊन आपोआप सरळ होते, तसे या अंतरामुळे पुढचे चाक सरळ राहते. अंतर जास्त असेल तर गाडी सरळ चालते पण वळायला जड लागते. कमी असेल तर चटकन वळते पण हँडल हलके आणि चंचल लागते. दांडीचा कल साधारण साडेसव्वीस अंश धरला तर दहा इंचीच्या जागी बारा इंची चाक आल्याने, बाकी काही न बदलता, हे अंतर सुमारे आठ मिलिमीटर वाढते. म्हणून मोठे चाक देताना कारखान्याला फोर्कची मापेही बदलावी लागतात आणि म्हणूनच दुसऱ्या गाडीचे पुढचे चाक आणून आपल्या गाडीला जुळवण्याचा उद्योग करू नये. उद्यमबागेत लेथवर हवा तो बुश करून मिळतो, यामुळे आपल्याकडे हा मोह फार जणांना होतो.

लहान चाकाचे गुणही नाकारू नयेत. खडे बाजारात किंवा गणपत गल्लीत सणाच्या गर्दीतून गाडी काढायची असेल तेव्हा दहा इंची स्कूटर हातात जशी फिरते तशी मोठ्या चाकाची फिरत नाही. सीट खाली राहते, त्यामुळे कमी उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय जमिनीला टेकतात. चढावर ओढही चांगली मिळते, कारण इंजिनाने दिलेला तोच जोर लहान चाकाच्या काठावर जास्त बळाने लागतो. मागचे दहा इंची चाक बदलून बाहेरचा व्यास साडेसात टक्क्यांनी वाढवला तर चढावरची ओढ जवळजवळ तेवढीच कमी होते आणि मागच्या ड्रम ब्रेकची पकडही त्याच प्रमाणात घटते. चोर्ला घाटाच्या चढणीला दोघे जण बसलेले असताना हा फरक लगेच कळतो.

आता जाड टायरकडे येतो. गॅरेजवाल्याने १००/९०-१० म्हटले असेल तर त्याचा बाहेरचा व्यास हिशेबाने ४३४ मिलिमीटरच येतो, म्हणजे ओढ बदलत नाही. तो बहुतेक गाड्यांत बसतो, त्याने मोठे नुकसान होत नाही आणि मोठा फायदाही होत नाही. पण हल्ली ११०/९०-१० घालण्याची हौस दिसते आणि माझा विरोध तिला आहे. त्याचा व्यास ४५२ मिलिमीटर होतो, ओढ चार टक्क्यांनी घटते, एअर फिल्टरच्या डब्याला किंवा मडगार्डला टायर घासण्याची शक्यता राहते आणि मूळ ९० मिलिमीटरच्या टायरसाठी केलेली रिम त्या टायरला खालून आवळून धरते. आवळलेल्या टायरचा माथा अधिक गोल होतो, मधली पट्टी लवकर झिजते आणि कुशी नको तिथे वाकतात, त्यामुळे वळणात मागचा भाग सैल वाटतो.

‘जाड टायर म्हणजे रस्त्याला जास्त रबर टेकते’ हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. टायर हवेवर उभा असतो. मागच्या चाकावर गाडी आणि माणूस मिळून १२० किलोचा भार आहे आणि हवा २९ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन किलो आहे, असे धरले तर जमिनीला टेकलेले क्षेत्र ६० चौरस सेंटिमीटरच्या आसपास येते. टायर ९० चा असो की ११० चा, हवा तीच ठेवली तर हे क्षेत्र फारसे बदलत नाही. फक्त त्याचा आकार बदलतो, लांबट होता तो आडवा होतो. साचलेल्या पाण्यात आडवा ठसा उलट पाणी बाजूला सारायला थोडा कमीच पडतो. मोठ्या इंजिनाच्या आणि जड स्कूटरना रुंद टायर लागतात, कारण त्यांचा भार, वेग आणि जोर वेगळा असतो. टीव्हीएस एन्टॉर्कला मागे ११०/८०-१२ आणि यामाहा एरॉक्सला मागे १४०/७०-१४ असतो, पण त्यांची रिमही तशीच रुंद असते. आपल्या गाडीला ते लागू नाही.

हँडल थरथरण्याची तक्रार सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती चाकाच्या आकारामुळे नाही, चाकाच्या अवस्थेमुळे आहे. दुचाकीचे हँडल स्वतःच्या एका ठरावीक गतीने डोलू शकते. ही गती सेकंदाला साधारण चार ते दहा हेलकाव्यांची असते. आपले चाक ताशी चाळीसला सेकंदाला आठ फेरे घेते. रिममध्ये बाक असेल किंवा टायर कुठे कमी, कुठे जास्त झिजला असेल, तर प्रत्येक फेऱ्याला एक धक्का बसतो. तो धक्का आणि हँडलची डोलण्याची गती जुळली की थरथर सुरू होते. वेग वाढला किंवा कमी झाला की जुळणी मोडते आणि थरथर थांबते. ती चाळीस-पन्नासलाच का येते आणि साठला का नसते, याचे उत्तर बहुधा हेच आहे. बारा इंची चाकातही हे होऊ शकते, फक्त वेग थोडा वर सरकतो.

ही तपासणी आपण घरी अंगणात करू शकता. गाडी मेन स्टँडवर लावून कोणालातरी मागची कॅरिअर खाली दाबायला सांगावे म्हणजे पुढचे चाक अधांतरी होईल. हँडल दोन बोटांनी अगदी सावकाश एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यावे. बरोबर मध्यावर, चाक सरळ असते त्या जागी, किंचित अडकल्यासारखे वाटले आणि पुढे गेल्यावर मोकळे झाले, तर हँडलच्या कोन-सेटमध्ये, म्हणजे दांडी ज्या गोळ्यांच्या वाट्यांत फिरते त्यांत, गोळ्यांनी खाचा पाडल्या आहेत असे समजावे. तो सेट आवळून सुधारत नाही, बदलावाच लागतो. नंतर फोर्कचा खालचा भाग दोन्ही हातांनी धरून पुढेमागे हलवावा. टकटक जाणवली तर सेट सैल आहे. उलट फार आवळलेला सेटही वाईट: कमी वेगात गाडी सरळ न चालता नागमोडी जाते आणि चालवणाऱ्याला वाटते की आपलाच तोल जातो आहे. त्यानंतर एक खडूचा तुकडा फोर्कला टेकवून रिमच्या कडेजवळ स्थिर धरावा आणि चाक हाताने फिरवावे. कड खडूजवळ येते आणि दूर जाते असे दिसले, तर रिम आऊट आहे. पत्र्याची रिम कुशल कारागीर बऱ्याच प्रमाणात सरळ करून देतो; अलॉयची रिम तडकली असेल तर तिला ठोकून सरळ करण्याच्या फंदात पडू नये.

शेवटी टायरवर तळहात ठेवून तो टायरच्या फिरण्याच्या दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे खरखरीत लागले, तर नक्षीचे ठोकळे तिरपे झिजले आहेत. अशा टायरला नक्षी भरपूर शिल्लक दिसते, म्हणून लोक तो बदलत नाहीत आणि दोष हँडलवर ढकलतात. मागच्या कॅरिअरवर जड वजन बांधण्याची सवय असेल तर तीही सोडावी. मागच्या आसाच्याही मागे टांगलेले वजन पुढचे चाक उचलू पाहते आणि थरथर वाढवते. तांदळाचे पोते न्यायचेच असेल तर ते पायापाशी सपाट जागेत ठेवावे. तिथे ते खाली आणि मध्ये राहते. गावाकडचे दूधवाले टीव्हीएस एक्सएलवर किटल्या लादून शेतवाटेने जातात ते पाहून आपण फसू नये. त्या गाडीला सोळा इंची चाके आहेत आणि ती वेगाने धावण्यासाठी बनलेलीच नाही.

पावसात मागचे चाक सरकण्याबद्दल. आपल्या भागात रस्ता दोन प्रकारे निसरडा होतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे तांबडी माती पहिल्या पावसात डांबरावर पातळ थर धरते. चिकोडी, गोकाककडे उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती रस्त्यावर येते आणि त्यावर उसाचा पाला पडतो. अशा थरावर टायरचा आकडा फारसा उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतात त्या खोल आणि मोकळ्या खाचा आणि मऊ राहिलेले रबर. टायरच्या कुशीवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन वर्षातला आठवडा सांगतात, शेवटचे दोन साल. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात केलेला टायर. दुकानात टायर घेताना हे आकडे बघून घ्यावेत, कारण बरीच वर्षे पडून राहिलेला टायर नवा दिसतो पण त्याचे रबर कडक झालेले असते. कुशीवर एक लहान त्रिकोणाची खूणही असते. तिच्या समोर खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला भिडली की टायर संपला. पावसाळ्यात मी तितके थांबू देत नाही. मृगाच्या आधी दोन-अडीच मिलिमीटरहून कमी खाच उरली असेल तर मागचा टायर बदलायला सांगतो. त्याच आकाराचा घ्यावा, आणि कुशीवर भाराचा आकडा ५३ असेल तर तो त्याहून कमी नसावा. ५३ म्हणजे २०६ किलो, ५१ म्हणजे १९५ किलो. त्यापुढचे इंग्रजी ‘J’ हे अक्षर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा दाखवते आणि आपल्या गाडीला ती पुरेशी आहे.

हवेबद्दल मला जरा स्पष्टच लिहावे लागेल, कारण निम्म्या तक्रारी इथे संपतात. पेट्रोल पंपावर हवा भरणारा मुलगा न विचारता दोन्ही चाकांत पस्तीस भरतो आणि गाडीवाला काही न बोलता निघतो. अशा ११० सीसी स्कूटरना पुढे २२ पीएसआयच्या आसपास आणि मागे एकट्यासाठी २९ च्या आसपास हवा लागते; मागे माणूस बसणार असेल तर मागची वाढवावी लागते. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात असतो, तोच खरा धरावा. पुढचे चाक मुळातच हलके असताना त्यात पस्तीस हवा भरली तर ते खडबडीत रस्त्यावर नाचते, ब्रेक लावताच घसरते आणि खड्ड्याचा सगळा धक्का मनगटांत येतो. आपली आदळण्याची तक्रार यातूनच वाढली असावी, अशी मला दाट शंका आहे. उलट मागची हवा कमी असेल आणि त्यात दोघे बसले तर टायरची कूस खड्ड्याच्या कडेवर रिमपर्यंत दबते आणि पत्र्याच्या रिमला बाक येतो. मग तिथून ट्यूबलेस टायरची हवा रोज थोडी थोडी जाते. स्वतःचा गेज घ्यावा, तो महाग नसतो, आणि सकाळी गाडी सुरू करण्याआधी, टायर थंड असताना हवा मोजावी.

एवढे करूनही आपले समाधान झाले नाही आणि गाडी बदलायचीच असेल, तर आपल्या वापरासाठी पुढे-मागे दोन्हीकडे बारा इंची चाक, पुढे टेलिस्कोपिक फोर्क आणि शक्य असल्यास पुढे डिस्क ब्रेक अशी गाडी पाहावी. पुढे बारा आणि मागे दहा अशी जोडी शहरातल्या माणसाला पुरते. सुझुकी ॲक्सेस आणि होंडा डिओ यांनाही ९०/९०-१२ आणि ९०/१००-१० अशीच जोडी आहे. पण ज्यांना रोज महामार्गावर ट्रक आणि बसच्या वाऱ्यातून जावे लागते, तवंदी किंवा वंटमुरीचा घाट उतरावा लागतो, त्यांना मागचेही बारा इंची चाक थोडे अधिक ठाम वाटते. चौदा इंची स्कूटर रस्त्यावर नक्कीच मोटारसायकलच्या जवळ जाते, मात्र तिची सीट उंच असते, डिकी तुलनेने आखडते आणि टायर महाग पडतो. शिवाय तालुक्याच्या गावात तो लगेच हाती लागेल याची खात्री नसते, तर ९०/१००-१० आणि ९०/९०-१२ हे लहान गावच्या रस्त्यावरचा पंक्चरवालाही एका दिवसात मागवून देतो. पत्नीला ती गाडी चालवायची असेल तर दुकानात दोघांनीही बसून पाय टेकतात का ते पाहावे आणि चक्कर मारताना मागे बसूनही एक फेरी मारावी. मागच्या सीटवरून गाडीचे जे कळते ते हँडल धरून कळत नाही.

सध्याच्या गाडीसाठी माझा क्रम असा राहील: आधी हवा स्टिकरप्रमाणे करून चार दिवस चालवावे, मग कोन-सेट आणि रिम तपासून घ्यावी, त्यानंतर हँगर बुश आणि मागचा शॉकअप पाहावा आणि सर्वांत शेवटी, गरज असेल तर, मूळ आकाराचे दोन्ही टायर एकदमच घालावेत. एक नवा आणि एक करवतीसारखा झिजलेला टायर अशी जोडी ठेवली तर थरथर कुठून येते हे पुन्हा कळेनासे होते. टायर घालताना कुशीवरचा बाण फिरण्याच्या दिशेला आहे ना, हे समोर उभे राहून पाहावे. घाईत तो उलटा बसवला जाण्याचे प्रकार होतात. साच्यातून काढताना वापरलेला थर नव्या टायरच्या पृष्ठभागावर राहिलेला असतो, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी फार वाकवू नये आणि मागचा ब्रेक एकदम दाबू नये. आपल्या रोजच्या ये-जा मध्ये ते अंतर तीन-चार दिवसांत पुरे होईल. तोवर जांबोटीच्या वळणांवर दोघांनी जाणे पुढच्या रविवारवर ढकलावे.